हवालदार नाना

माझ्या शुद्धलेखनाला कोणी हसू नये. मी चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर लिहायचं काम पडलं ते फक्त फॉर्मवर सही करण्यापुरतं. अक्षर मोठं आहे आणि ओळ सोडून खाली उतरतं. कुठली वेलांटी ऱ्हस्व, कुठली दीर्घ, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. वही घरातच राहणार आहे. कुणाच्या हाती लागलीच तर सांभाळून घ्यावं.

यातली नोकरी माझी नाही, माझ्या नवऱ्याची आहे. ते सतरा वर्षं सैन्यात होते, सिग्नलमध्ये, लाइनमन. नाईक म्हणून निवृत्त झाले. मी त्यांचं नाव घेत नाही, म्हणून इथे 'हे' असंच लिहिते. दुपारी मासळी उन्हात टाकून झाली की हे बोलतात आणि मी लिहिते. मग वाचून दाखवते. बाकी काही बदलत नाहीत, वेळा तेवढ्या सुधारतात. "पावणेअकरा नव्हे, दहा चाळीस."

सेक्टरचं नाव, कंपनीचं नाव, पोस्टचं नाव लिहायचं नाही, असं ह्यांनी पहिल्या दिवशीच बजावलं. उत्तरेतला डोंगर, एवढं पुरे.

लाइन म्हणजे टेलिफोनची केबल. डोंगरात ती प्रत्येक पोस्टपर्यंत दगडांवरून, उतारांवरून, नाल्यांवरून टाकलेली असते. वायरलेस सेट असतात, पण मध्ये डोंगर आला की सेट मुका होतो. केबल तुटली की पोस्ट एकटी पडते. मग लाइन पार्टी निघते. तुटलेलं टोक शोधायचं, जोड मारायचा, टेप गुंडाळायची, टेस्ट करायची, परत यायचं. बर्फात, पावसात, दगड पडत असताना. कुणी त्याबद्दल मेडल देत नाही.

ह्यांच्या लाइन पार्टीत चौघे होते. हे तेव्हा लान्स नाईक. सिग्नलमन रामपाल, उत्तर प्रदेशातला. सिग्नलमन श्रीनू, आंध्रातला, वीस वर्षांचा. आणि पार्टी कमांडर हवालदार रमण. रमण हे कागदावरचं नाव. त्यांना सगळे नाना म्हणत.

हे तिथे रुजू व्हायला गेले तेव्हा नाना बंकरबाहेर बसून बुटाला पॉलिश करत होते. ह्यांनी सावधान होऊन रिपोर्ट दिला.

"गाव?"

"डहाणू."

"डहाणूत कुठे?"

"खाडीवर. मच्छीमार आहोत."

"मी झरीचा. तलासरी तालुका." एवढं मराठीत झालं आणि पुढचं एकदम गुजरातीत. "बूमला लाव्यो के खाली हाथे आव्यो?"

बूमला म्हणजे बोंबील. ते आणलेस की रिकाम्या हाताने आलास, असं विचारत होते. ह्यांनी सांगितलं, सुके आहेत, ट्रंकेत.

"मग आधी ट्रंक उघड. सॅल्यूट नंतर मार."

झरीपासून आमचं घर तासाभराच्या वाटेवर. दोन हजार किलोमीटरवर तासाभराचा शेजारी भेटला की तो भाऊच होतो. नानांनी ह्यांना त्याच दिवशी 'तांडेल' करून टाकलं. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. हे चुलत्याच्या होडीवर साधे खलाशी होते, पण नाना म्हणाले, "डोंगरात होडी नाही, म्हणून बढती द्यायला काही हरकत नाही."

आता नाना या नावाबद्दल.

नानांच्या घरी गुजराती बोलतात. चार भावांत ते शेवटचे. गुजरातीत नानो म्हणजे लहान, आणि हाक मारताना त्याचं नाना होतं. आईने 'नाना' हाक मारली म्हणजे 'धाकट्या' म्हटलं. ट्रेनिंग सेंटरला घरून पत्र आलं, त्यात वर 'नाना' लिहिलेलं. तिथले उस्ताद मराठी होते. त्यांना वाटलं, आपल्याकडे म्हणतात तसं वडीलधाऱ्याचं नाव. "अठरा वर्षांचं पोर आणि नाना?" सगळे हसले आणि नाव चिकटलं. पुढे पोर हवालदार झालं, कानाजवळ केस पिकले, आणि मराठी अर्थानेही नाव शोभायला लागलं.

रामपालच्या मुलखात नाना म्हणजे आईचा बाप. त्याची तक्रार ठरलेली असे.

"नाना के घर जाओ तो घी मिलता है, मलाई मिलती है। यहाँ नाना के पास आया तो क्या मिला? केबल का ड्रम।"

"उठा ड्रम," नाना म्हणत. "मलाई ऊपर पोस्ट पर है।"

श्रीनूची पंचाईत वेगळी. त्याच्या तेलुगूत नान्ना म्हणजे बाप. आपल्या हवालदाराला बाप म्हणून हाक कशी मारायची, म्हणून तो दोन आठवडे 'हवालदार साब' म्हणत राहिला. नानांनी कारण विचारलं तेव्हा खाली मान घालून सांगितलं. वर असंही म्हणाला की त्यांच्याकडे आई लाडात आली की लहान मुलालाही नान्नाच म्हणते. नाना खूष झाले. "म्हणजे तुझ्याकडे मी बापही आणि पोरगाही. चल, जे सोयीचं ते म्हण." त्यानंतर श्रीनू नान्ना म्हणायला लागला.

एकदा कंपनीचे कॅप्टन साहेब लंगरमध्ये, म्हणजे जेवणघरात, हे सगळं ऐकत होते. ते म्हणाले, इंग्रजीत काही घरांत मुलं आजीला नाना म्हणतात. नाना लगेच उभे राहिले. "साब, यह मत बताइए। रामपाल छुट्टी से साड़ी ले आएगा।"

मला यात नवल वाटलं नाही. मी डहाणू रोडच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसते. गुजराती गिऱ्हाइकाला सांगते, "नाना बूमला छे," बारीक बोंबील आहेत. त्याच दमात म्हाताऱ्या मराठी माणसाला म्हणते, "घ्या ना, नाना." कुणाचा गोंधळ होत नाही. कोसबाडला शिकवणाऱ्या एक बाई माझ्याकडून सोडे घेतात. त्यांना मी भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, हे सगळे शब्द एका घरातले नाहीत. गुजराती नाना जुन्या दुसऱ्याच शब्दाचा झिजून झाला, तेलुगू नान्ना वेगळ्या वाटेने आला, आणि संस्कृतात नाना म्हणजे तऱ्हेतऱ्हेचे. आवाज तेवढा जुळला. मी ह्यांना हे सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "त्या पार्टीत आम्हीही तसेच होतो." मग उठून मासळी उलटायला गेले. मी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुलैमधला तो दिवस सांगितला.

सकाळी पाच चाळीसला एक्स्चेंजने कळवलं, वरच्या पोस्टची लाइन डेड. रात्री पाऊस झाला होता. सहा वाजता खालून निरोप आला की त्या पोस्टवर आदल्या संध्याकाळपासून एक जवान पोटदुखीने तळमळत होता. लाइन तुटायच्या आधी खालचे डॉक्टर साहेब त्याला फोनवरून औषध सांगत होते. आता ना त्यांना काही कळत होतं, ना पोस्टला. मध्ये डोंगर असल्यामुळे सेट लागत नव्हता.

सहा तीसला पार्टी निघाली. नाश्ता पुरी आणि चहा. नानांनी स्वतःच्या दोन पुऱ्या कागदात बांधून श्रीनूच्या खिशात कोंबल्या, कारण त्याचं खाऊन झालं नव्हतं. आठ वीसला एका ठिकाणी आणि नऊ पाचला दुसऱ्या ठिकाणी केबल घासलेली सापडली. दोन्हीकडे जोड मारला. लाइन तरी डेडच. म्हणजे तूट नाल्यात होती.

दहा चाळीसला नाल्यावर पोचले. एरवी पाच-सात पावलांत ओलांडायचा नाला तीस फूट पसरला होता. पाणी मांडीपर्यंत, रंग मातकट, आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. केबलचं एक टोक ह्यांच्या काठावर लोंबत होतं. दुसरं पलीकडच्या दगडाला अडकलेलं दिसत होतं.

दोन रस्ते होते. वर तीन किलोमीटरवर पायपूल होता. चढून जायचं, ओलांडून पलीकडे उतरायचं, दोन तास, पाऊस आला तर अडीच. नाहीतर इथेच दोर लावून उतरायचं.

"पूल से चलेंगे," नाना म्हणाले. "दस मिनट आराम।"

हे वाक्य मी दोनदा विचारून लिहिलं आहे. पुलावरून जायचं असंच नानांनी आधी ठरवलं होतं.

दहा मिनिटं झाली. अकरा वाजायला आले तेव्हा पार्टी उठली, ड्रम पाठीवर घेतले. तेवढ्यात ह्यांना आवाज बदललेला जाणवला. पाण्याची गर्जना कमी होत होती. हे काठावर बसले आणि पाहत राहिले. एक दगड आधी बुडालेला होता, त्याचं डोकं दिसायला लागलं. मग खांदा. अकरा पाचपर्यंत पाणी गुडघ्याखाली आलं. आवाज जवळजवळ नव्हता.

आता खाडीबद्दल लिहिलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला कळणार नाही. आमच्याकडे ओहोटी संपते आणि भरती सुरू होते, त्यामध्ये थोडा वेळ पाणी उभं राहतं. ना आत येत, ना बाहेर जात. लहानपणापासून आम्ही त्याच वेळेला खाडी ओलांडतो. बायका डोक्यावर पाट्या घेऊन जातात, पोरं पुढे धावतात. पाणी गप्प झालं म्हणजे वाट मोकळी झाली. हे कुणी शिकवत नाही, पायांनाच कळतं. ओहोटी जोरात असली की आजी हाताला धरून थांबवायची आणि पाणी उभं राहिलं की हात सोडायची. ह्यांच्या अंगातही तेच होतं.

पण डोंगरातला नाला खाडी नाही. त्याला भरती नाही, ओहोटी नाही. पावसात नाला एकाएकी गप्प झाला म्हणजे वर कुठेतरी दरड कोसळून पाणी अडलं आहे. ते साठतं आणि मग बांध फुटतो. डोंगरातलं शेळ्या राखणारं पोरही ते पाहून पळत सुटेल. ह्यांना ते माहीत नव्हतं. झरीच्या माणसालाही माहीत नव्हतं.

नाना जवळ आले. "तांडेल, काय बघतोस?"

"नाना, पाणी उभं राहिलं."

"म्हणजे?"

"म्हणजे आता जायचं. पंधरा-वीस मिनिटं मिळतील."

नानांनी पाण्याकडे पाहिलं, वरच्या वाटेकडे पाहिलं. मग ह्यांना विचारलं, "पक्कं?"

"पक्कं."

"पाणी तुझं खातं," नाना म्हणाले. "पोस्टवर पोरगं तळमळतंय. दोन तास वाचतील. रामपाल, रस्सा निकालो।"

पोहणारा पुढे जातो, अशी पद्धत आहे. पोहणारे हे होते. हे पुढे सरसावले तर नानांनी हात आडवा घातला. "तू दोर धर. तुझ्या हातातला दोर सुटत नाही. मी वजनाला हलका आहे."

अकरा बाराला नाना पाण्यात उतरले. कमरेला दोर, पाठीवर केबलचा ड्रम. त्यांच्या मागे दहा-बारा फुटांवर त्याच दोराला बांधलेला श्रीनू, हातात केबल सोडत. ह्यांनी दोर एका दगडाला अर्धा वेढा देऊन धरला. रामपाल ह्यांच्या मागे.

नाना मध्यावर पोचले. पाणी पोटरीपर्यंत. वळून श्रीनूला म्हणाले, "आराम से। पत्थर देखकर।"

अकरा सोळाला आवाज आला. ट्रक खालच्या गिअरमध्ये चढ चढतो तसा. ह्यांना आधी चिखलाचा वास आला, मग वारा लागला. रामपाल ओरडला. नानांनी वर पाहिलं आणि पहिली हाक दिली ती श्रीनूला. "पीछे! पीछे!"

श्रीनू काठापासून पाच फुटांवर होता. हे आणि रामपाल दोघांनी मिळून दोर ओढला. पाणी आलं ते पाणी नव्हतंच, दगड, झाडं, चिखल सगळं एकत्र होतं. श्रीनूचा पाय दगडाखाली सापडला आणि सुटला. त्याला काठावर घेतलं तेव्हा दोर इतका ताणला होता की ह्यांच्या तळहाताची कातडी निघाली. मग तो एकदम हलका झाला.

मी विचारलं, हलका म्हणजे?

हे म्हणाले, "हलका म्हणजे हलका. अजून काय सांगू?"

टोक वर आलं तेव्हा ते दगडावर चिरडून तुटलेलं होतं. श्रीनू ओरडत होता. एकच शब्द. तो बापाला हाक मारत होता की पोराला, हे ठरवायची ती वेळ नव्हती.

रामपाल सेट घेऊन वरच्या टेकाडावर पळाला. अकरा एकतीसला सेट लागला.

"हैलो वन, फोर के लिए। एक जवान पानी में मिसिंग। एक घायल। ओवर।"

"फोर, वन के लिए। कौन मिसिंग? ओवर।"

"पार्टी कमांडर। ओवर।"

बराच वेळ नुसती खरखर. मग, "वेट आउट।" म्हणजे थांबा, पुन्हा कळवतो.

बारा पन्नासला दुसरी पार्टी आली. त्यांनी श्रीनूला स्ट्रेचरवर घेतलं, त्याचा पाय दोन जागी मोडला होता. काही जण काठाने खाली शोधत गेले. हे आणि रामपाल नवा ड्रम घेऊन पुलाच्या वाटेला लागले, कारण लाइन अजून डेडच होती. पूल ओलांडून पलीकडचं टोक जोडायला दोन तास दहा मिनिटं लागली. पंधरा वीसला, म्हणजे दुपारी तीन वीसला, लाइन चालू झाली. टेस्ट करताना पलीकडून आवाज आला, "कौन बोल रहा है? नाना?"

हे म्हणाले, "लाइन ओके।" आणि फोन ठेवला.

आजारी जवान वाचला. नाना तिसऱ्या दिवशी चार किलोमीटर खाली सापडले.

चौकशी झाली. टेबलामागे तीन अधिकारी होते. विचारलं, नाला ओलांडायचा निर्णय कोणाचा? आधी रामपालला विचारलं. तो म्हणाला, पार्टी कमांडरचा. मग ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "पार्टी कमांडर का, साब।"

यात खोटं काही नव्हतं. हुकूम नानांचाच होता. पण पाणी कोणी पाहिलं, पक्कं कोण म्हणालं, ते कोणी विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही. कागदावर आलं की कमांडरने पुलाचा सुरक्षित मार्ग सोडून नाल्यातून जाण्याचा निर्णय घेतला, त्यात अंदाज चुकला. झरीला पत्र गेलं. त्यात शौर्याचं, कर्तव्याचं सगळं होतं, आणि मध्ये हेही वाक्य होतं.

रामपाल बाहेर आल्यावर ह्यांना म्हणाला, "मरे हुए की नौकरी नहीं जाती। तेरे दो बच्चे हैं।" तो वाईट माणूस नव्हता. त्याला वाटलं तो ह्यांना वाचवतोय.

हे मला आठ वर्षं माहीत नव्हतं. हे सुट्टीवर येत, तळहात उताणे ठेवून झोपत. मी विचारलं की दोराने सोललं, एवढंच सांगत. झरीला नानांच्या घरी जाऊन येऊ, असं मी दर सुट्टीत म्हणे. तासाभराची वाट. दोनदा हे निघाले आणि दोन्ही वेळा तलासरी नाक्यावरून परत आले. एकदा म्हणाले गाडी मिळाली नाही. मी कधी उलट बोलत नाही, तेव्हाही बोलले नाही.

निवृत्त होऊन आल्यावर एका दुपारी जाळं विणताना ह्यांनी सगळं सांगितलं. मान वर न करता. मी ऐकलं आणि म्हटलं, "चला."

"कुठे?"

"झरीला. आता बसू नका. चला."

लग्नानंतर मी ह्यांना हुकूम केल्यासारखं काही बोलले असेन तर ते तेवढंच.

नानांचं घर रस्त्यापासून आत आहे. ओटीवर नानांचा फोटो, युनिफॉर्ममधला, हार ताजा. आई पंचाहत्तरीच्या पुढची. नानांची बायको शेतावरून आलेली, पायाला माती. सैन्यातले म्हटल्यावर तिने पाणी आणलं, चहा ठेवला. आई म्हणाली, "आवो, बेसो. नानासाथे हता?" आमच्या नानासोबत होता का?

हे हो म्हणाले. चहा आला, निवला. हे कपाकडे बघत बसले. मला अनोळखी घरात तोंड उघडायला होत नाही. पण ह्यांना तिसऱ्यांदा परत न्यायचं नव्हतं. मी गुजरातीत म्हटलं, "ह्यांना काही सांगायचं आहे. ऐकून झालं की आम्हाला जा म्हटलंत तरी चालेल."

मग ह्यांनी सांगितलं. उभं राहून, रिपोर्ट देतात तसं, वेळा घालून. दहा चाळीसला पोचलो. नाना पुलाने जाऊ म्हणाले. अकरा पाचला पाणी उतरलं. मी म्हटलं आता जायचं. त्यांनी विचारलं पक्कं, मी म्हटलं पक्कं. अकरा सोळाला पाणी आलं. चौकशीत मी हे सांगितलं नाही.

नानांच्या बायकोने मधेच विचारलं, "पुलाने जाऊ म्हणाले होते?"

"हो."

"त्यांच्या तोंडाने?"

"हो. 'पूल से चलेंगे' म्हणाले."

ती उठली आणि आत गेली. भांड्यांचा आवाज आला नाही, रडण्याचाही नाही.

आई तशीच बसून होती. मग माझ्याकडे वळून बोलली, कारण ह्यांच्याकडे बघणं तिला जमत नव्हतं असं मला वाटलं. म्हणाली, थोरल्या पोराने पत्र वाचून दाखवलं त्या दिवसापासून मी नानाला रागावते आहे. लहानपणापासून घाईचा. बैल जुंपायच्या आधी गाडीत बसायचा. रोज हार घालते आणि रोज म्हणते, पूल होता ना, मेल्या, पुलाने का नाही गेलास?

ती भिंतीला धरून उठली. फोटोपाशी गेली. फोटोतला माणूस चाळिशीचा, छातीवर फिती लावलेला. तिने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "नाना, तारो वांक नहोतो."

तुझी चूक नव्हती. मी हे मराठीत सांगायची गरज नव्हती, ह्यांना गुजराती येतं. हे दोन्ही हात शरीराला चिकटवून सावधान उभे होते आणि मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

आम्ही निघालो तेव्हा नानांची बायको बाहेर आली. चेहरा धुतलेला. ह्यांना म्हणाली, "भाई, तोंडी नको. लिहून द्या. जिथे ते लिहिलंय, तिथे हे जाऊ दे."

"देतो."

"मी इथे आहे. मला दाखवून पाठवा."

घरी येऊन मी लिहिलं. हात सोलल्यापासून ह्यांना पेन फार वेळ धरवत नाही. आठ दिवसांनी कागद घेऊन परत झरीला गेलो. नानांच्या बायकोने ओटीवर बसून तो सावकाश वाचला. सातवी शिकलेली आहे ती. एका ओळीवर बोट ठेवलं.

"'नाल्याचा अंदाज चुकला.' कुणाचा?"

हे म्हणाले, "माझा."

"मग तसं लिहा."

मी तिथेच खोडून वर 'माझा' लिहिलं. तिने पुढे वाचलं. दुसऱ्या ओळीवर थांबली. "'कमांडरला सल्ला दिला.' सल्ला कसला? पक्कं म्हणालात ना?"

"हो."

"पक्कं लिहा."

तेही लिहिलं. कागदावर दोन ठिकाणी खाडाखोड झाली. मी म्हटलं, घरून स्वच्छ उतरवून आणते. ती म्हणाली, असाच जाऊ दे. कुणी लिहायला लावलं ते त्यांना दिसू दे. तिने ह्यांना माफ केलं असं मी लिहिणार नाही. आजही ती ह्यांच्याशी कामापुरतंच बोलते. चहा मात्र देते.

रेकॉर्ड ऑफिसकडून पाच महिन्यांनी उत्तर आलं. दोन ओळींचं. निवेदन मिळाले, हवालदारांच्या कागदपत्रांना जोडले आहे. ते उत्तर झरीला आहे, आमच्याकडे नाही.

जुलैत त्या तारखेला आम्ही जातो. रामपाल फोन करतो. श्रीनू एक पाय ओढत चालतो, पण दोन वर्षांपूर्वी तो आंध्रातून आला होता. आईला त्याची भाषा येत नव्हती आणि त्याला तिची. तो फोटोसमोर उभा राहून म्हणाला, "नान्ना." आईने मान डोलावली, आपल्याच पोराला कोणी हाक मारली तशी. कुणी काही समजावून सांगितलं नाही.

ह्यांनी सांगितलं की शेवटी कागदावरचं नाव लिही. म्हणून लिहिते.

हवालदार रमण. सिग्नल. गाव झरी, तालुका तलासरी. लाइन जोडायला गेले असताना अकरा सोळाला नाल्यात वाहून गेले. ते पुलाने जाऊ म्हणाले होते.